टिकाऊपणाचा परिच्छेद

निवृत्तीनंतर काय करता, असं कुणी विचारलं की मी 'लेखन' म्हणून सांगतो. समोरचा माणूस लगेच आदरानं बघतो आणि विचारतो, "कथा की कविता?" दोन्ही नाही म्हटल्यावर त्याचा आदर निम्म्यावर येतो. संस्थांसाठी प्रस्ताव लिहितो, म्हणजे देणगी मागणारे लांबलचक अर्ज लिहितो, असं सांगितल्यावर उरलेला निम्माही जातो. आमच्या सौभाग्यवती कात्रपच्या आमच्या सोसायटीत हेच फार थोडक्यात सांगतात. "हे दुसऱ्यांसाठी भीक मागतात. इंग्रजी चांगलं आहे ना."

इंग्रजी चांगलं होण्याचं कारण म्हणजे अंबरनाथचा कारखाना. तिथं सव्वीस वर्षं मी पर्सोनेल खात्यात होतो. कामगारांना 'कारणे दाखवा' नोटिसा देणं, आरोपपत्रं तयार करणं, चौकशीचे अहवाल लिहिणं हे माझं काम. साळवींच्या नोटिशीतून निसटायला फट सापडत नाही, असं युनियनचे लोकही कबूल करायचे. मला त्याचा अभिमान होता, आज सांगायला लाज वाटते. कारखाना बंद झाला तेव्हा गेटवर लागलेली शेवटची नोटीसही माझ्याच टेबलावरून गेली. तीसुद्धा निर्दोष होती.

मग एका मित्राच्या संस्थेनं वाचनालयासाठी मदत मागायचं ठरवलं आणि तो मला म्हणाला, तू लिही. मी लिहिलं. महिन्याभरानं देणगीदार कंपनीतल्या बाईंचा फोन आला. त्या हसू दाबत म्हणाल्या, "सर, तुमचा अर्ज वाचून आम्हीच काहीतरी गुन्हा केलाय असं वाटलं." अर्ज अर्थातच नामंजूर झाला. त्या दिवशी मी शाळेतल्या पोरासारखा पहिल्यापासून शिकायला बसलो.

ज्यांनी असा अर्ज कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रस्तावात आधी गरज लिहायची, म्हणजे कुणाचं काय अडलंय ते. मग आपण काय करणार, कोण करणार, त्यानं काय बदलणार. मग खर्च. वाचणारा माणूस दिवसाला असे ढीगभर कागद वाचतो, त्यामुळे 'समाजातील दुर्बल घटक' वगैरे वाचून त्याला जांभई येते. त्याऐवजी एक माणूस दाखवायचा. तो सकाळी उठून काय करतो, त्याचं घोडं कुठे अडतं, ते लिहायचं. डोळ्यांतून पाणी काढायला जायचं नाही. आणि त्या माणसाच्या आयुष्यात जे बरं चाललंय ते वगळायचं, कारण बरं चाललेल्या गोष्टीला कुणी मदत देत नाही. हे शेवटचं मला कुणी शिकवलं नाही. माझं मीच शिकलो, आणि दोन-तीन वर्षांत त्यात चांगलाच तरबेज झालो.

माझी आणखी एक पद्धत होती. ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांच्याकडे आधी चार दिवस जाऊन नुसतं बसायचं. ही पद्धत मी आजही सोडलेली नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग यायची. सोनिवलीचे एक पाटील आले होते. जमिनी इमारतींखाली गेलेल्या, बोटांत अंगठ्या, दारात दोन गाड्या. म्हणाले, "साहेब, आपल्याला ग्रान्ट पायजे."

"कशासाठी?"

"तो तुमी बगा ना. बापाचे नावाचा ट्रस्ट केलाय, बोर्ड पण लावलाय. बाजूचे गावान एकाला भेटली, मंग आपल्याला का नाय?"

मी म्हटलं, आधी गावात फिरून कुणाचं काय दुखतंय ते विचारून या. मला वाटलं, सुंठेवाचून खोकला गेला. पण तीन आठवड्यांनी गडी परत आला, चेहरा उतरलेला. गावातल्या चार माणसांना डायलिसिसला न्यायला कुणी नव्हतं, त्यातली एक यांची सख्खी आत्या निघाली, आणि यांना ते ठाऊकच नव्हतं. त्यांनी दारातली एक गाडी ड्रायव्हरसकट त्या कामाला लावून टाकली. प्रस्ताव लागलाच नाही. माझ्या हातून झालेलं बहुधा हे एकच निखळ चांगलं काम, आणि त्यात मी एक अक्षरही लिहिलेलं नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पमध्ये जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांच्या मागच्या गल्लीत एक केंद्र होतं. गतिमंद आणि अपंग मुलांना दिवसभर सांभाळायचं, व्यायाम द्यायचा, हातानं खायला, शी-शू सांगायला शिकवायचं. ते चालवायच्या एक निवृत्त सिंधी शिक्षिका. सगळी गल्ली त्यांना दादी म्हणायची. सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण, हे मला तिथे कळलं. भावाच्या बंद दुकानाची खोली त्यांनी मागून घेतली होती आणि स्वतःच्या पेन्शनवर अकरा मुलं सांभाळत होत्या. आता ते झेपेना, म्हणून माझ्याकडे आल्या.

माझ्या पद्धतीप्रमाणे मी चार दिवस जाऊन बसलो. मुलांच्या आया त्याच गाळ्यांमध्ये शिवलेल्या जीन्सचे लोंबते धागे कापायचं काम करायच्या. नगावर मजुरी. त्यातली एक सुनीता, मूळची जालन्याकडची. नवरा कधीच सोडून गेलेला. तिची मुलगी वैष्णवी तेव्हा आठ वर्षांची होती. तिला चालता येत नव्हतं, मान स्थिर राहत नव्हती. केंद्र सुरू व्हायच्या आधी काय करायचीस, असं मी सुनीताला विचारलं, तर ती सरळ म्हणाली, "ओढणीनं खाटेला बांधून जायची, काका. नाहीतर पडली असती ना खाली."

ते वाक्य मी जसंच्या तसं प्रस्तावात घातलं. पहिल्याच पानावर.

शेवटी आला टिकाऊपणाचा परिच्छेद. हा प्रत्येक प्रस्तावात असतो. आमचे पैसे थांबल्यावर तुमचं काम कसं चालणार, असा देणगीदाराचा प्रश्न असतो. खरं उत्तर बहुतेक वेळा 'चालणार नाही' हेच असतं. पण ते लिहिलं तर पैसेच मिळत नाहीत. म्हणून आम्ही प्रस्ताव लिहिणारे एक ठरीव वाक्य लिहितो आणि एका अर्जातून दुसऱ्या अर्जात उचलून ठेवतो. माझं असं होतं: 'तिसऱ्या वर्षाअखेर पालक-समिती केंद्राची जबाबदारी स्वीकारेल व केंद्र स्वावलंबी होईल.'

दादींनी चष्मा लावून सगळा मसुदा वाचला आणि नेमकं तिथंच बोट ठेवलं. "साळवी साहब, ये कैसे होगा?"

"ते लिहावं लागतं, दादी. सगळेच लिहितात."

"मतलब झूठ है?"

"झूठ नाही हो. उम्मीद समजा."

त्यांनी पेन मागितलं आणि सही केली. शिक्षिका होत्या त्या, चूक पकडायची सवय होती त्यांना. मी त्यांचं ऐकायला हवं होतं.

प्रस्ताव मंजूर झाला. एका कंपनीच्या देणगी विभागानं तीन वर्षं मदत दिली आणि ती तीन वर्षं फार चांगली गेली. व्यायाम देणाऱ्या बाई आल्या, एक शिकवणाऱ्या ताई आल्या, खास खुर्च्या आल्या. वैष्णवी भिंतीला टेकून बसायला लागली. वाटी दोन्ही हातांत धरून तोंडाला लावायला लागली. शी-शूची जाणीव झाली की जमिनीवर हात आपटून सांगायची. आईबापांना या गोष्टी किती मोठ्या वाटतात, ते धडधाकट मुलांच्या आईबापांना कळणार नाही.

दर सहा महिन्यांनी अहवाल द्यावा लागे. तो मी लिहायचो. 'पालक-समितीच्या नियमित बैठका होतात.' आता बैठका म्हणजे काय, तर संध्याकाळी मुलं न्यायला आलेल्या आयांना दादी चहा द्यायच्या आणि पाच मिनिटं मुलांबद्दल बोलायच्या. 'पालकांचा निर्णयप्रक्रियेत वाढता सहभाग दिसून येतो.' म्हणजे खिचडीऐवजी उपमा द्या, असं एकीनं सुचवलं होतं. त्यात शोधून खोटं वाक्य सापडलं नसतं. मी नुसती इस्त्री मारत होतो. आणि खरं सांगायचं तर मला ते लिहिताना मजा येत होती.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी त्या कंपनीच्या देणगी विभागाची अधिकारी आली. अनघा तिचं नाव, तिशीतली, शहाणी मुलगी. कामात मन असलेली. दादींनी तिला नानखटाई दिली, मी पुढच्या तीन वर्षांचा नवा प्रस्ताव पुढे केला. तिनं तो उघडलाच नाही. पिशवीतून जुना काढला. त्यातलं माझं ते वाक्य पिवळ्या रंगानं रंगवलेलं होतं.

"सर, तुमचे रिपोर्ट आम्ही नव्या संस्थांना नमुना म्हणून देतो," ती म्हणाली. "बोर्डानं हे केंद्र 'स्वावलंबी' म्हणून नोंदवलंय. अशा केंद्रातून आम्ही बाहेर पडतो. ते पैसे आता दुसऱ्या वस्तीला जातील."

मी म्हटलं, "अहो, हे केंद्र स्वावलंबी नाही. या बायका धागे कापतात. त्या कुठून चालवणार?"

"मग 'स्वावलंबी होईल' असं का लिहिलंत, सर?"

ती रागावून बोलली नाही. तिला खरंच कळत नव्हतं. सव्वीस वर्षं मी लोकांकडून लेखी खुलासे मागितले होते आणि आता त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून खुलासा मलाच द्यायचा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त ते माझ्या वाट्याला आलं असतं तर चाललं असतं.

मी अनघाला म्हटलं, मी बोर्डाला पत्र लिहितो, चूक माझी आहे म्हणून कळवतो. ती म्हणाली, "लिहा, पण मग संस्थेनं तीन वर्षं चुकीचे अहवाल दिले, असं त्याचं होईल. सह्या दादींच्या आहेत. पुढे त्यांना कुणीच दारात उभं करणार नाही." दादी दारातून ऐकत होत्या. त्यांनी मला हातानंच 'नको' अशी खूण केली. मी आणखी पाच-सहा ठिकाणी अर्ज केले. सगळ्यांनी जुने अहवाल मागवले आणि ते वाचून आमचं अभिनंदन केलं. केंद्र उत्तम चाललेलं असताना तुम्हाला आमची गरज काय, असं दोघांनी तर लेखी विचारलं.

दादींनी आयांना बोलावून सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही. माझं वाक्यही वाचून दाखवलं. मी कोपऱ्यात खाली मान घालून बसलो होतो. मग सुनीता म्हणाली, "समिती म्हणजे आपणच ना? लिहिलंय तर करू ना मग. पाळी लावू."

आणि त्या बायकांनी खरोखर पाळी लावली. रोज दोघींनी काम बुडवून केंद्रात थांबायचं. माझ्या वाक्यावर विश्वास ठेवणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होतो. सहा आठवडे त्यांनी ते केलं. पण नगावरचं काम असं, की एक दिवस बाई आली नाही तर तिचा गठ्ठा दुसरीला जातो, आणि दोनदा असं झालं की दुसरीच कायमची बसते. तिघींची कामं सुटली. व्यायामाच्या बाई, शिकवणाऱ्या ताई तर आधीच गेल्या होत्या. एका दुपारी एका मुलाला जोराची फीट आली. पाळीवरच्या दोघी घाबरून नुसत्या रडत राहिल्या. दादी त्याला उचलून रस्त्यापर्यंत धावल्या, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मुलगा वाचला. पण सत्तरीच्या दादी त्यानंतर मला म्हणाल्या, "अब डर लगता है, साळवी साहब. किसी का बच्चा मेरे हाथ में चला गया तो?"

त्या शनिवारी केंद्र बंद झालं. खुर्च्या ज्याच्या त्या मुलाला दिल्या. वैष्णवीची खुर्ची सुनीताच्या खोलीच्या दारातून आत जाईना, म्हणून ती बाहेर जिन्याखाली राहिली.

मी लिहिणं सोडायचं ठरवलं. अपराधी वाटत होतं, आजही वाटतं. हिनं समजूत घातली, तुम्ही नसतं लिहिलं तर तीन वर्षंही मिळाली नसती. ते खरं आहे. पण मला त्याचा काही उपयोग होत नाही.

वर्षभरानं एका रविवारी सुनीता कात्रपला आमच्या घरी आली. वैष्णवीला शेजारणीपाशी ठेवून आली होती, त्यामुळे सारखी घाई. पाणी प्यायली आणि म्हणाली, "काका, वैशू मोठी झाली आता. तेरावं लागलं." हिच्याकडे बघून खालच्या आवाजात म्हणाली, "पाळी पण आली." मी बाहेर जायला उठलो, तर म्हणाली, "तुम्ही बसा काका, तुमच्याकडेच काम आहे. मी कुलूप लावून कामाला जाते. पण खिडकीपाशी कुणीतरी उभं असतं, शेजारीण बोलली. दोनदा बघितलं तिनं. ती ओरडली की पळून जातो. वैशूला तर कळत पण नाही ना काही, कोण आलं, काय करतोय. मला कामावर हात चालत नाही. परवा कटर बोटात गेला."

विदर्भात अशा मुलींना कायमचं ठेवून घेणारी एक संस्था आहे, असं तिला कुणी सांगितलं होतं. जागा थोड्या, मागणी फार. अर्ज करायचा होता. पालक मुलीला का सांभाळू शकत नाहीत, ते सविस्तर लिहायचं होतं. सुनीता म्हणाली, "दादी बोलायच्या, तुम्ही लिहिता ते पास होतं."

मी लिहिलं. जे जे शिकलो होतो ते सगळं त्या दोन पानांत ओतलं. एकटी आई, दिवसाचे दहा तास घराबाहेर. बाहेरून कुलूप. खिडकी. मुलीला स्वतःहून हलता येत नाही. बोलता येत नाही. धोका ओळखता येत नाही. केंद्र बंद झाल्यापासून ती शिकलेलं विसरत चालली आहे, वाटीसुद्धा धरेनाशी झाली आहे, हेही लिहिलं. पुढच्या रविवारी सुनीताला वाचून दाखवलं. ती मान हलवत ऐकत होती.

"बरोबर आहे सगळं," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण काका, बोलता येत नाही असं लिहिलंय. ती मला हाक मारते."

"कशी?"

"मी संध्याकाळी जिन्यापाशी आले ना, की चपलेचा आवाज कळतो तिला. मग आतून 'आ... आ' करते. दुसरं कुणी आलं तर नाही करत. शेजारणीला नाही, दादी आल्या तरी नाही. मलाच करते."

मी तिला समजावलं. म्हटलं, ते लिहिलं तर तिथले लोक म्हणतील, मुलीला आईचा लळा आहे, तिला आईपाशीच राहू द्या. ज्यांना कुणीच ओळखीचं नाही अशा मुलींना आधी घेतात. सुनीतानं टेबलावरचे कागद स्वतःकडे ओढले.

"मग नका लिहू," ती म्हणाली, आणि एकेक अक्षर सावकाश काढत तिनं सही केली.

आठ दिवसांत होकार आला. इतक्या वर्षांत माझा कुठलाही अर्ज इतक्या लवकर मंजूर झाला नव्हता.

वैष्णवीला सोडायला सुनीता एकटीच गेली. परत आल्यावर तिनं मला फोन केला. जागा चांगली आहे म्हणाली, एक मोठा हॉल आहे, स्वच्छ आहे, बायका मायेच्या आहेत, खिडक्यांना जाळी आहे. मग म्हणाली, "तिथल्या बाई तुमचा अर्ज समोर घेऊन बसलेल्या. एकेक विचारत होत्या. ही काही बोलते का, कुणाला ओळखते का."

"मग काय सांगितलंस?"

"नाही म्हणून सांगितलं," सुनीता म्हणाली. "तुमचं लिहिलेलं खोटं पडलं असतं ना, काका. आणि मग तिला ठेवली नसती तर?"

फोन ठेवल्यावर मी हिच्यासमोर रडलो. त्या मोठ्या हॉलमध्ये, पंचवीस-तीस मुलींमध्ये, ती 'आ... आ' करत असेल, आणि ती आईला बोलावतेय हे तिथं कुणालाही ठाऊक नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या संस्थेला पत्र लिहिलं. मसुदा केला नाही, कसलीही कारागिरी केली नाही. अर्ज मी लिहिला होता, त्यात एक गोष्ट मी मुद्दाम वगळली, दोष माझा आहे, आईचा नाही, मुलीला कृपया ठेवून घ्यावं. वैष्णवी 'आ' करते तेव्हा ती आईला हाक मारत असते. तेव्हा कुणीतरी तिच्याजवळ जाऊन बसावं. एवढंच लिहिलं आणि पोस्टात जाऊन स्वतः रजिस्टर केलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. टाईप केलेलं, जावक क्रमांक घातलेलं, दोन ओळींचं. आपले पत्र मिळाले. ते मुलीच्या फाईलला लावण्यात आले आहे.